पॉईंट, कंडेन्सर आणि सीडीआयचा डबा: धाराशिवच्या रस्त्यांवरील जुन्या मोटारसायकलींची ठिणगी

धाराशिव जिल्ह्याचे मुख्य ठिकाण विसावे शतक सरेपर्यंत रेल्वेविना राहिले, आणि या जिल्ह्यातील मोटारसायकलीचा इतिहास समजून घ्यायचा तर ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि पुढे येडशी, ढोकी करीत 1911 मध्ये लातूरला पोहोचली. परंतु अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी तेव्हाच्या उस्मानाबाद शहराला बाजूला ठेवून गेली, आणि शहराला स्थानक मिळाले ते रुळांचे रुंदीकरण झाल्यावर, 2007-08 च्या सुमारास. निजामाच्या रेल्वेखात्याने 1932 मध्ये संस्थानात बससेवा सुरू केली होती, 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. पण परंडा, भूम, कळंब, उमरगा या तालुक्यांतील खेड्यांपर्यंत दिवसातून एखादी एसटी पोहोचण्याच्या त्या काळात ज्याला वेळेवर कुठे जायचे असेल त्याने स्वतःची सोय पाहावी, हाच नियम होता. तालुक्याचा डॉक्टर, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, बांधकाम ठेकेदार, पोलीस आणि हाती दोन पैसे असलेला बागायतदार यांची ही सोय म्हणजे मोटारसायकल होती. 1982 मध्ये लातूर वेगळा होण्यापूर्वीचा हा जिल्हा विस्ताराने फार मोठा होता आणि अंतरे तशीच लांब होती. त्यामुळे येथे मोटारसायकल शहरात मिरवण्याचे वाहन म्हणून न रुजता, लांब पल्ल्याचे, सामानासकट चालणारे आणि वाटेत बंद पडल्यास मालकाला दहा मैल पायी चालायला लावणारे यंत्र म्हणून रुजली.

ती वाटेत बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण, चाकाचे पंक्चर वगळता, ठिणगीचे होते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडून ते पेटते. या व्यवस्थेला पुस्तकी भाषेत प्रज्वलन म्हणतात, तर गॅरेजमध्ये तिला सरळ ‘करंट’ म्हटले जाते. अर्धा-पाऊण मिलिमीटरची दाबलेल्या हवेची फट ओलांडण्यासाठी दहा-पंधरा हजार व्होल्टची गरज असते आणि जुन्या मोटारसायकलीच्या बॅटरीत असतात फक्त सहा व्होल्ट. हे अंतर भरून काढण्याची युक्ती इग्निशन कॉईलमध्ये आहे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि त्याच गाभ्यावर केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतून प्रवाह वाहत असताना गाभ्यात चुंबकत्व साठते आणि तो प्रवाह एकाएकी तोडला की कोसळणाऱ्या चुंबकत्वामुळे बारीक तारेत प्रचंड दाबाची वीज उभी राहते. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह सुरू केल्यामुळे नव्हे, तोडल्यामुळे. आणि जुन्या गाड्यांच्या प्रज्वलनाचा सगळा इतिहास हा प्रवाह नेमक्या क्षणी आणि स्वच्छपणे कसा तोडायचा, या एका प्रश्नाभोवती फिरतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तयार झाली होती. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यात फिरत्या चुंबकीय यंत्रणेतून वीज निर्माण होई आणि बॅटरीची गरजच उरत नसे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉईल आणि तोडणारे संपर्कबिंदू यांची जोडणी केली, जी 1912 च्या कॅडिलॅक मोटारीबरोबर सर्वत्र पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या ज्या ब्रिटिश मोटारसायकली भारतात फिरत राहिल्या, त्या बहुधा मॅग्नेटोच्या होत्या. स्वतंत्र भारतात बनलेल्या ज्या दोन गाड्यांनी लांबच्या प्रवासाची कल्पना घडवली, त्या बुलेट आणि जावा, मात्र बॅटरी-कॉईल पद्धतीच्या होत्या. लष्करासाठी 350 सीसी बुलेटची मागणी नोंदवली गेल्यावर 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचे उत्पादन सुरू केले आणि 1973 पासून तीच गाडी येझदी या नावाने विकली. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली, एस्कॉर्ट्स कंपनीची 175 सीसी राजदूत 1962 पासून आली. तिच्यात चाकासारख्या जड मॅग्नेटमधून ठिणगी मिळे, म्हणून बॅटरी मेली तरी ती चाले, आणि ग्रामीण भागात तिला मिळालेल्या पसंतीचे हे एक मोठे कारण मानावे लागते.

तिन्ही गाड्यांत प्रवाह तोडण्याचे काम एकाच सुट्या भागाकडे होते. त्याला कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉईंट म्हणत आणि बोलण्यात ‘सीबी पॉईंट’ किंवा नुसते ‘पॉईंट’. करंगळीच्या नखाएवढी दोन टंगस्टनची टोके, त्यांतले एक स्थिर, दुसरे स्प्रिंगच्या जोरावर त्याला टेकलेले. हलत्या टोकाच्या दांडीला फायबरची एक टाच असते आणि इंजिनाबरोबर फिरणारा उंचवट्याचा कॅम त्या टाचेला उचलतो, त्या क्षणी टोके विलग होतात आणि ठिणगी पडते. शेजारी बोटाच्या पेराएवढी धातूची नळी असते, तो कंडेन्सर. टोके विलग होताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडून ती जळू नयेत म्हणून उसळलेली वीज तो क्षणभर स्वतःत साठवतो. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला एक ठिणगी लागते. सोलापूरहून तुळजापूरला येणारी जावा सुमारे 45 किलोमीटरच्या या अंतराला तासभर घेईल आणि तिचे इंजिन मिनिटाला सरासरी 3000 फेऱ्या मारील असे धरले, तर बालाघाटाचा चढ चढून देवीच्या गावात शिरेपर्यंत ती इवलीशी टोके एक लाख ऐंशी हजार वेळा उघडलेली आणि मिटलेली असतात. हा भाग झिजतो कसा, यापेक्षा टिकतो कसा, हाच खरा नवलाचा विषय आहे.

तरीही तो झिजे, आणि त्याची झीज दोन ठिकाणी होई. टोके जळून त्यांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होई. हे वेगाने घडू लागले तर दोष पॉईंटचा नसून कंडेन्सरचा आहे, असे जाणता मेकॅनिक टोकांचा निळसर रंग पाहूनच सांगे. दुसरी झीज फायबरच्या टाचेची. टाच झिजली की टोकांमधली फट कमी होते, ती उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, पण तुळजापूरचा किंवा येडशीचा घाट चढताना गाडी ओढत नाही, सायलेन्सर नको तितका तापतो आणि पेट्रोल जास्त जाते. कॅमला टेकलेल्या नमद्याच्या तुकड्यावर ग्रीसचा अंश ठेवला तर टाच कितीतरी अधिक काळ टिकते. मात्र ही अर्ध्या मिनिटाची काळजी घेण्याचे राहून जाई आणि तिची किंमत पुढच्या घाटात मोजावी लागे. ग्रीस जास्त झाले तर तेही उडून टोकांवर बसे आणि गाडी ‘मिसिंग’ करू लागे. मराठवाड्याचा उन्हाळा, काळ्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा या तिन्हींचा हल्ला याच झाकणाखाली होत असे.

या दोषांची दुरुस्ती मात्र कोणत्याही झाडाखाली होऊ शकत होती. पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून टोकांमध्ये दोनदा फिरवायचा, स्वच्छ कापड ओढून कचरा काढायचा, फट फिलर गेजने, आणि तो नसेल तर पोस्टकार्डाच्या जाडीने, सुमारे 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायची. त्यानंतर टायमिंग, म्हणजे पिस्टन वर येण्याच्या किती आधी टोके उघडावीत याची जुळणी. बुलेटमध्ये हे अंतर सुमारे 0.8 मिलिमीटर असते, कारण वेग वाढेल तसा ठिणगीचा क्षण आपोआप पुढे आणणारी वजने तिच्यात बसवलेली असतात. जावा-येझदीत अशी वजने नाहीत, म्हणून तेथे सुरुवातीपासूनच 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवावे लागते. टोके नेमकी केव्हा उघडली हे कळण्यासाठी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद त्यांत धरून हलकेच ओढत राहण्याची रीत होती. कागद सुटला की तो क्षण. बुलेटला तेवढ्याचीही गरज नव्हती. तिच्या हेडलाईटवरच्या टोपणात ॲमीटर असतो. किल्ली लावून किक हळूहळू दाबली की टोके मिटलेली असेपर्यंत काटा एका बाजूला कललेला राहतो आणि ती उघडताच मध्यावर येतो. कारखान्याने बॅटरीचा भार दाखवण्यासाठी दिलेला हा काटा मेकॅनिकांनी टायमिंगचे उपकरण म्हणून वापरला, आणि मालकांनी किक नेमकी कुठून मारावी हे ओळखण्यासाठी; कारण टायमिंग पुढे गेलेले असताना बुलेटला चुकीच्या जागेवरून किक मारली तर ती उलटी लाथ मारते आणि घोटा सुजतो.

मूळ व्यवस्थेचा खरा कमकुवतपणा मात्र पॉईंटमध्ये नसून त्याला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेत होता, आणि तो या जिल्ह्याच्या दोन रूढ वापरांत ठळकपणे दिसतो. पहिला नवरात्राचा. घटस्थापनेच्या वेळी गावोगावचे तरुण तुळजापूरहून भवानी ज्योत पेटवून धावत आपापल्या गावी नेतात आणि सोबत मोटारसायकली चालतात. माणसाच्या धावण्याच्या गतीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रात्रभर दिवा लावून चालणे ही सहा व्होल्टच्या गाडीची सर्वांत कठोर परीक्षा असते. जावाचा डायनामो जेमतेम 45 वॅटचा, त्यातही मंद फेऱ्यांवर त्याहून कमी वीज देणारा. त्यातून हेडलाईटचा दिवा आणि इग्निशन कॉईल दोन्ही भागायचे, तर उरलेली तूट बॅटरीतून जाते. बॅटरी उतरू लागली की कॉईलला मिळणारा दाब घटतो, ठिणगी पिवळी आणि मलूल होते, टू-स्ट्रोकचा प्लग तेलाने काळा पडतो आणि शेवटी ‘शॉर्ट’ होतो. प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, तरी गाडी पुन्हा बंद. कारण रोग भलतीकडेच असतो. दुसरा वापर दुधाचा आणि खव्याचा. भूम परिसर आणि कुंथलगिरी खव्यासाठी व पेढ्यासाठी नावाजलेली. तेथून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून दुधाच्या कॅन लटकवलेल्या राजदूत आणि येझदी पहाटे निघत. कडाक्याच्या थंडीत, अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर, जड ओझ्यासह आणि रोज ठरलेल्या वेळी गाडी सुरू व्हावी, ही त्यांची एकमेव अपेक्षा होती. लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलीची चर्चा बहुधा हौशी प्रवाशांना डोळ्यांपुढे ठेवून होते. परंतु वर्षाला सर्वाधिक किलोमीटर कापणारे आणि बंद पडण्याचे सर्वाधिक नुकसान सोसणारे प्रवासी हे दूधवाले होते, आणि ठिणगीविषयी त्यांचा अनुभव अधिक वजनदार मानला पाहिजे.

1980 च्या दशकाच्या मध्यावर ही सारी व्यवस्था दोन-तीन वर्षांत जुनी झाली. 1984 मध्ये होसूरहून इंड-सुझुकी, 1985 मध्ये धारूहेड्याहून हिरो होंडा सीडी 100 आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स 100, पाठोपाठ 1986 मध्ये बजाजची कावासाकी केबी 100 अशा शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या बाजारात आल्या. मराठवाड्यातच, वाळूज येथे, बजाजचा मोठा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि दुचाकी ही या भागाच्या दृष्टीने दूरच्या मद्रास-म्हैसूरची वस्तू राहिली नाही. या नव्या पिढीच्या बहुतेक गाड्यांचे झाकण उघडणाऱ्या मेकॅनिकला आत पॉईंट सापडेना. त्यांच्या जागी सीडीआय नावाचा काळा बंद डबा आला होता. सीडीआय पद्धतीत एका कपॅसिटरमध्ये दोनशे ते चारशे व्होल्टची वीज साठवली जाते. मॅग्नेटजवळ बसवलेल्या एका छोट्या वेटोळ्यासमोरून, म्हणजे पिकअप किंवा पल्सर कॉईलसमोरून, लोखंडी उंचवटा गेला की इशारा मिळतो आणि सारी साठवण एका झटक्यात इग्निशन कॉईलमध्ये ओतली जाते. काहीच एकमेकांना टेकत नाही, म्हणून काहीच झिजत नाही. कावासाकीने 1969 मध्ये आपल्या 500 सीसी तीन सिलिंडरच्या एच-1 गाडीत ही पद्धत रस्त्यावर आणली होती. तेलकट प्लगलाही पेटवणारी तिची तीव्र ठिणगी टू-स्ट्रोकसाठी वरदान ठरली होती. भारतीय खेड्यात ती पोहोचायला दीड दशक लागले, पण पोहोचल्यावर तिने मालकाची सवयच बदलली. दर दोन-तीन हजार किलोमीटरला पॉईंट घासून घेण्यासाठी गॅरेजला जाण्याची गरज संपली आणि मेकॅनिकच्या रोजच्या कमाईतला एक ठरलेला भाग त्याबरोबर गेला.

येथून पुढे जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे निवड उभी राहिली: कारखान्याचे मूळ भागच वापरत राहायचे, की बाहेरचा इलेक्ट्रॉनिक संच बसवायचा. ब्रिटनमध्ये ही चर्चा आधीच सुरू झाली होती. बॉयर ब्रॅन्सडेनसारख्या छोट्या कंपन्या ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए या गाड्यांसाठी पॉईंटच्या जागी बसणारे संच विकत होत्या, आणि 1977 पासून भारतातून तिकडे निर्यात होऊ लागलेल्या बुलेटलाही तिकडचे चालक असे संच बसवत. भारतात ही वाट मुख्यतः जुगाडाची होती: आरएक्स 100 किंवा तत्सम गाडीची मॅग्नेट प्लेट, पल्सर कॉईल आणि सीडीआयचा डबा घेऊन, खराद्याकडून एक तबकडी कातून घेऊन, ते सारे येझदीच्या किंवा राजदूतच्या क्रँकवर बसवायचे. बुलेटसाठी पुढे देशी बनावटीचे तयार संचही मिळू लागले. आयडियल जावानेही शेवटच्या काळात येझदीच्या काही मॉडेलांना 12 व्होल्टची वीज आणि सीडीआय दिले; म्हणजे बाहेरचे लोक जे करत होते त्याची योग्यता कारखान्याने स्वतःच मान्य केली होती.

या निवडीत एक गोष्ट बहुधा नजरेआड राहते, आणि प्रस्तुत विषयाच्या इतिहासात तीच निर्णायक आहे. तुलना मूळ भाग आणि बाहेरचा भाग यांच्यात आहे असे समजले जाते. परंतु म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, राजदूतचे उत्पादन नव्या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले, बुलेटचे बिडाच्या सिलिंडरचे पॉईंटवाले इंजिन 2008 नंतर आलेल्या एकसंध रचनेच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांपुढे 2010 च्या सुमारास मागे पडले. कारखानाच राहिला नाही तिथे कारखान्याचा भाग कुठला? त्यानंतर तालुक्याच्या दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारा पॉईंट हाही कुठल्या तरी छोट्या उत्पादकाने बनवलेला बाहेरचाच भाग असतो. लुकास-टीव्हीएसच्या किंवा बंगळूरच्या मायकोच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जुन्या मालाचा दर्जा ज्यांनी वापरला होता, त्यांना नव्या मालातला फरक पहिल्याच महिन्यात कळे: टोकांचे टंगस्टन पातळ, टाचेचे फायबर मऊ, स्प्रिंग ढिली आणि कंडेन्सर तर नशिबावर सोडलेला. आठ हजार किलोमीटर चालणारा पॉईंट पंधराशे किलोमीटरला टाच झिजवून बसू लागला, तेव्हा दोष मूळ पद्धतीचा नव्हता, पण बदनाम तीच झाली. इलेक्ट्रॉनिक संचांची खरी बाजारपेठ वाढली ती त्यांच्या गुणांइतकीच नकली पॉईंट-कंडेन्सरमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. गॅरेजमध्ये जुन्या पडीक गाडीचा झिजलेला पण अस्सल पॉईंट जपून ठेवून, टाच बदलून, पुन्हा वापरण्याची पद्धत याच काळातली आहे आणि ती काटकसरीपोटी नसून पारखीपोटी आहे.

इलेक्ट्रॉनिक संचाच्या बाजूचे दावेही असेच तपासून घ्यावे लागतात. गाडीची ताकद वाढते हे विधान बहुधा फसवे असते. झिजलेल्या पॉईंटच्या गाडीला संच बसवल्यावर जी ताकद वाढल्याचे जाणवते ती नव्या पॉईंटनेही परत आलीच असती. त्याचा खरा लाभ स्थैर्याचा आहे: टायमिंग एकदा बसवले की ते सरकत नाही, किक सोपी होते, मंद गती एकसारखी राहते. त्याचा खरा धोका बिघडण्याच्या तऱ्हेत आहे. पॉईंट बिघडताना सूचना देतो. गाडी मिसिंग करते, फटाके उडवते, चढावर दमते आणि तरीही घरी पोहोचवते. डबा बिघडतो तो एकाएकी. त्याचे भाग राळेत ओतून बंद केलेले असल्याने तो उघडून पाहता येत नाही. कधी तो फक्त तापल्यावर बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, त्यामुळे चाळीस अंशांच्या उन्हात नळदुर्ग-उमरगा रस्त्यावर गाडी बंद पडते आणि सायंकाळी गॅरेजमध्ये तीच गाडी पहिल्या किकला सुरू होते. मेकॅनिकला दाखवायला दोषच उरत नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावर मदत मिळू शकते, पण परंडा किंवा वाशी तालुक्याच्या आतल्या रस्त्यावर बुलेटचा सीडीआय मागितला तर तो मिळण्याची शक्यता फार कमी, आणि पॉलिश पेपर मात्र किराणा दुकानातही मिळतो. शिवाय जे संच थेट बॅटरीवर चालतात त्यांना एक किमान दाब लागतो. सहा व्होल्टच्या थकलेल्या बॅटरीवर पॉईंट कसाबसा चालत राहील तिथे हा संच काहीच करत नाही. संच बसवण्याआधी डायनामोचे ब्रश, रेग्युलेटर, बॅटरी आणि जमिनीची, म्हणजे अर्थची, तार ही चार ठिकाणे पाहिली गेली नाहीत, तर खर्च वाया जातो, आणि बहुतेक वेळा तसाच जातो. कॉईलचीही हीच गत. प्रत्येक संच विशिष्ट रोधाच्या कॉईलसाठी बनलेला असतो; जुनी कॉईल तशीच ठेवली तर डबा तापून जळतो आणि नाव मात्र डब्याचे खराब होते.

गाडीगणिक निर्णय वेगळा करावा लागतो, आणि येथे सरसकट मत देणाऱ्यांवर फार भिस्त ठेवू नये. बिडाच्या इंजिनाची बुलेट मंद फिरते. तिचा पॉईंट बाहेरच्या अंगाला, दोन स्क्रूंच्या झाकणाखाली, हाताला येणाऱ्या जागी आहे. ठिणगीचा क्षण पुढे-मागे करणारी वजने मोकळी असतील आणि पॉईंट-कंडेन्सर पारखून घेतलेले असतील, तर अशा गाडीला मूळ व्यवस्थाच शोभते आणि पुरते. तिला संच बसवायचाच असेल तर जुनी पॉईंटची प्लेट, कंडेन्सर आणि कॉईल बाजूला ठेवून तोच संच निवडावा, जो मूळ जागेत काही न कापता बसतो आणि गरज पडल्यास अर्ध्या तासात काढता येतो. राजदूतचा प्रश्न उलटा आहे: तिचे पॉईंट जड मॅग्नेटच्या आत दडलेले असतात, मॅग्नेट काढायला पुलर लागतो, म्हणून रस्त्यात घासायचे सुख तिच्या बाबतीत मुळातच अपुरे होते, आणि तिच्या मॅग्नेटचे चुंबकत्व वर्षानुवर्षे घटत गेल्यावर नवा पॉईंट बसवूनही गरम इंजिनाला ठिणगी मिळत नाही. तेथे पूर्ण मॅग्नेट प्लेटच बदलणे रास्त ठरते. एस्कॉर्ट्सच्याच, 1983 पासून सुमारे सात वर्षे बनलेल्या 347 सीसी आरडी 350 ला दोन सिलिंडर, दोन पॉईंट, दोन कंडेन्सर आणि दोन कॉईल. दोन्हींचे टायमिंग स्वतंत्रपणे बसवावे लागते आणि एका बाजूची फट जरा सरकली तरी त्या बाजूचा पिस्टन जळण्याचा धोका असतो. या गाडीच्या बाबतीत चांगला इलेक्ट्रॉनिक संच हा हौसेचा भाग न राहता इंजिन वाचवणारा भाग होतो, यात शंका घेण्याचे कारण नाही.

जावा-येझदीच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्ष वाद घालतात आणि मूळ कारण तिसरीकडेच असते. या गाडीचा डायनामोचा फिरता गाभा आणि पॉईंटचा कॅम दोन्ही क्रँकच्या उजव्या टोकावर थेट बसलेले असतात, त्यांना स्वतःचा वेगळा आधार नाही. क्रँकचे बेअरिंग झिजले की ते टोक फिरताना वर-खाली हलते, कॅम प्रत्येक फेरीत टाचेला कमी-अधिक उचलतो आणि फट एका फेरीत 0.4 तर दुसऱ्या फेरीत भलतीच होते. असा क्रँक असताना कितीही अस्सल पॉईंट बसवला तरी टायमिंग जागेवर राहत नाही. संपर्काविना चालणारा संच ही थरथर काही प्रमाणात सोसतो, म्हणून तो बसवल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते, पण हलणारा गाभा एक दिवस बाहेरच्या वेढ्यांना घासू लागतो आणि मग डायनामोच जातो. त्यामुळे बार्शी-कळंब पट्ट्यातील एखादी पन्नास वर्षांची येझदी पुढे आली असता पॉईंट की सीडीआय हा प्रश्न विचारण्यापूर्वी उजव्या बाजूचे झाकण काढून, गाभा दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहावा लागतो. तो हलत असेल तर आधी इंजिन उघडून बेअरिंग आणि तेलाचे सील बदलायचे, आणि ठिणगीविषयीचा निर्णय त्यानंतर घ्यायचा.